कमाटीबागेतले पाच तास

आमच्या स्मरणिकेत एक पान दर वर्षी ठरलेले असते. परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या मुलामुलींचे फोटो, त्याखाली विद्यापीठाचे नाव आणि मंडळाच्या शुभेच्छा. पूर्वी हे पान अर्धे रिकामे राहायचे, आता एका पानात मावत नाही. ही मुले निघतात तेव्हा घरात महिनाभर तेच वारे असते. मेतकूट दळून होते, भाजणी होते, बँकेच्या कर्जाची कागदपत्रे तीनतीनदा तपासली जातात आणि विमानतळावर आजीचा हात नातवाच्या डोक्यावरून निघता निघत नाही.

या वर्षी त्या पानाशेजारी आम्ही अशा एका विद्यार्थ्याची हकिगत देत आहोत, ज्याला आपल्या बडोद्यानेच परदेशी पाठवले होते. त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तो गेला कसा हेही पुष्कळांना ठाऊक असते. तो परत आला तेव्हा काय झाले, ते मात्र आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूचा, म्हणजे इंदूरजवळचा. वडील सैन्यात सुभेदार. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या मुंबईच्या शिक्षक-लेखकाची नजर त्यांच्यावर होती. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच श्रीमंत सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी.ए. झाले आणि जानेवारी 1913 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोडेच दिवस गेले आणि वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईला जाताना सुरत स्टेशनवर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांचे डोळे दाराकडेच लागलेले होते. 2 फेब्रुवारीला ते गेले. सुरतेला उतरून काही घ्यायचा मोह आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी झालेला आहे. म्हणून हा प्रसंग वाचताना आम्हाला नेहमी थांबावे लागते.

त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे ठरवले. 4 जून 1913 रोजी बडोद्यात करारावर सह्या झाल्या. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिकून आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे चाकरी. सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधी अमरेली भागात आणि 1906 पासून सगळ्या संस्थानात लागू करणारे हे महाराज. हुशार मुलावर पैसा घालताना त्याची जात आड आणणाऱ्यांतले ते नव्हते. हे श्रेय बडोद्याचे आहे आणि ते आपण मिरवतोही.

जुलै 1913 मध्ये भीमराव न्यूयॉर्कला उतरले. वय 22. मुंबईत पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत. विद्यापीठाच्या वसतिगृहातले जेवण मानवेना म्हणून त्यांनी आठवड्याभरात जागा बदलली. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर मुक्काम जमला. ही दोस्ती आयुष्यभर टिकली. सुरुवातीचे काही महिने नव्या मित्रांत आणि नव्या शहराच्या नवलाईत गेले, असे चरित्रकार सांगतात. त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. ज्या मुलाला शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले आणि तहान लागली की शिपायाने वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागली, तो एकाएकी सगळ्यांच्या टेबलावर जेवू लागला. कुणी उठून गेले नाही. कुणी आडनाव विचारून गप्प झाले नाही. एवढे पचायला काही महिने लागणारच.

मग मात्र त्यांनी जी मांडी ठोकली ती उठेपर्यंत. पदवीला लागतात त्याहून कितीतरी जास्त विषय त्यांनी घेतले. अर्थशास्त्राचेच 29 अभ्यासक्रम आणि इतिहासाचे 11. त्याखेरीज समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान. साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यांत राहायचे आणि त्यातूनही वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचे. असे करत शेकड्यांनी पुस्तके जमली. 1915 साली एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला; तेव्हा वय अवघे 25. स्वतः भोगलेल्या गोष्टीकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणे त्यांना तिथे साधले. लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना चळवळीत ओढत होते. भीमरावांनी अभ्यासाला प्राधान्य दिले. ज्याच्या पैशावर आलो त्याचे काम आधी, असा त्यांचा हिशेब असावा असे आम्हाला वाटते.

1916 च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचे बडोद्याहून कळले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाकडून घेऊन ते निघाले. महायुद्ध चालू होते. ते स्वतः ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने सुखरूप आले. सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती पाणतीराने बुडाली. पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली आणि त्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याचे तिकीट निघाले.

सप्टेंबर 1917. पुढचा भाग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, म्हणून त्यात चरित्रकारांच्या तिखटमिठाचा प्रश्न नाही. त्यांनी लिहिले आहे की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती बडोदा स्टेशनवर उतरताच परत आली. कारण पहिलाच प्रश्न होता, उतरायचे कुठे? हिंदूंच्या खानावळी होत्या, पण तिथे खरे नाव सांगून जागा मिळणार नव्हती. अमेरिकेत बरोबर शिकलेले मित्र गावात होते, पण त्यांच्या दारात उभे राहिल्यावर त्यांना संकोच वाटला तर? शेवटी ते एका पारशी उतारगृहात गेले. तिथे पारश्याखेरीज कुणाला घेत नसत. राखणदाराला गिऱ्हाईक हवे होते. त्याने वहीत पारशी नाव लिहून घेतले आणि दिवसाला दीड रुपया ठरवला.

वरच्या मजल्यावर एक लहान खोली. बाकीचा मोठा दिवाणखाना मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या अशा अडगळीने भरलेला. दिवे नाहीत. रात्री राखणदार कंदील आणून ठेवी, त्याचा उजेड हातभर. आजूबाजूला चिटपाखरू नाही, फक्त वटवाघळांची फडफड. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी, रात्री त्या कंदिलाशी वाचन. राहण्यासाठी सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केला होता. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. कचेरीत शिपाई कागद हातात न देता लांबून टाकत आणि प्यायला पाणी मिळत नसे, असे चरित्रांत नोंदलेले आहे.

त्या काळच्या बडोद्याच्या कचेऱ्यांत मराठी माणसे किती होती हे आम्हाला कुणी सांगायला नको. दांडिया बाजारातल्या अनेक घरांच्या भिंतींवर पगडी घातलेल्या पणजोबांचे फोटो आहेत आणि त्यांच्या हुद्द्यांचा आपल्याला अभिमान आहे. त्या कचेरीत त्यांच्यापैकी कोणी बसत होते का, याचा शोध आम्ही घेतलेला नाही. कोणी ना कोणी बसतच असणार, असे धरून आम्ही हे लिहीत आहोत.

अकराव्या दिवशी सकाळी जेवण करून, ग्रंथालयाला परत करायची पुस्तके ते गोळा करत होते. जिन्यावर पावले वाजली. हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले. तू कोण, इथे कसा शिरलास, याचा जाब झाला. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू. त्याला वाईट वाटले, पण यांना ठेवून घेतले तर घरचे नोकर निघून जातील ही त्याची अडचण होती. दुसरा ख्रिस्ती झालेला. त्याने बायकोचा विचार घ्यायला हवा असे सांगितले, आणि बायको दुसऱ्या दिवशी यायची होती. मूळचे ते ब्राह्मण घराणे. धर्म बदलला तरी घरातले सोवळे गेलेले नव्हते.

मुंबईची गाडी रात्री नऊची. मध्ये पाच तास. ते घालवायला एकच जागा होती जिथून कुणी उठवणार नव्हते. सार्वजनिक बाग. कमाटीबाग.

कोलंबियाचा एम.ए., पीएच.डी.चा प्रबंध हातावेगळा केलेला, 26 वर्षांचा तो तरुण तिथे बसून राहिला. मधूनच मन सुन्न होई, मधूनच दुःख दाटून येई. आणि निराधार मुलाला यावी तशी त्यांना आईवडिलांची आठवण आली. त्यांनीच ते लिहिले आहे. आठच्या सुमारास ते उठले, गाडी करून उतारगृहातले सामान घेतले आणि स्टेशनवर गेले.

पुढची वर्षे धडपडीची होती. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगारातून काटकसर करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि पाच हजार रुपये उसने दिले ते नवल भथेना यांनी. काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि हाही पारशीच, हे लक्षात ठेवलेले बरे. जुलै 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरायचे ते संध्याकाळी बंद होताना बाहेर पडायचे. रात्री भूक लागे तेव्हा एका मित्राने दिलेले पापड पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. परदेशी निघालेल्या मुलाच्या पेटीत पापड भरणाऱ्या आयांना हे वाचून बरे वाटेल. 1921 साली एम.एस्सी., 1922 साली बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांना फार झोंबला. त्यांनी तो बदलून मागितला. एप्रिल 1923 मध्ये मुंबईला परतून त्यांनी तो नव्याने लिहून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. ते पुस्तक त्यांनी आईवडिलांना अर्पण केले.

कोलंबियाचा प्रबंध 1925 साली पुस्तकरूपाने निघाला. विषय, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची वाढ. त्याची अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावाने आहे. शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. म्हणजे बडोदे सोडून आठ वर्षे झाल्यावर. ज्या गावात अकरा दिवसांवर राहता आले नाही, त्या गावच्या राजाचे ऋण त्यांनी छापून ठेवले, आणि उतारगृहाची हकिगतही लिहून ठेवली. दोन्ही खरे होते, म्हणून दोन्ही लिहिले.

कमाटीबागेतला तो वड आज संकल्पभूमी म्हणून ओळखला जातो. दर वर्षी 23 सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसे येतात. मुलाबाळांसकट, शिदोरी बांधून. गणपती सप्टेंबरात आले की कधी कधी आपला उत्सव आणि तो दिवस जवळजवळ पडतात. आपली मुले बागेत छोट्या आगगाडीत बसतात, वाघ बघतात, म्युझियम बघतात. आमच्यापैकी बहुतेकांचे त्या वडाकडे जाणे झालेले नाही. या वर्षी 23 तारखेला सकाळी आठ वाजता मंडळातले आम्ही काहीजण तिथे जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी बागेच्या मुख्य दरवाजाशी थांबावे. परदेशी निघालेली जी मुले तोवर गावात असतील, त्यांना आवर्जून आणावे.