विश्लेषण : चालकरहित वाहनांनी लोखंडी नांगराकडून काय शिकावे?

चालकरहित वाहनांची चर्चा निघाली की कॅमेरे, रडार आणि संगणक यांचाच विचार होतो. पण वाहन माणसांत वावरणार असेल, तर माणसांच्या सवयी आणि शंका ओळखूनच ते घडवावे लागते. महाराष्ट्रात यंत्र आणि माणूस यांची अशीच गाठ लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात पडली होती.

लक्ष्मणराव यंत्रांकडे कसे वळले?

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सुटले. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात बंधू रामुअण्णांसह सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू होती. ती विकायची तर गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवावे लागे.

नांगर विकला का जाईना?

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर माती खोलवर फोडून उलथवतो आणि हरळीच्या मुळ्या उघड्या पाडतो. तरीही पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी समजूत होती. ज्याची सारी पुंजी जमीन, तो ती प्रयोगाला कशी देणार? नांगर चांगला असणे पुरेसे नव्हते. शेतकऱ्याचा विश्वास मिळवणे हे वेगळेच काम होते. पुढे जमिनीचा पोत आणि बैलांची ताकद पाहून निरनिराळ्या आकारांचे नांगर निघाले.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. (हे औंध सातारा भागातील संस्थान, हिंगोलीचे औंढा नागनाथ नव्हे.) १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आजच्या वाहनांशी याचा संबंध काय?

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी शहरात चाचणीवरील स्वयंचलित मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. त्यात तिचा मृत्यू झाला. पादचारी झेब्रा क्रॉसिंग सोडूनही रस्ता ओलांडतील, हे त्या प्रणालीत गृहीत धरलेच नव्हते, असे चौकशीत आढळले. देखरेखीसाठी बसलेल्या चालकाचेही लक्ष रस्त्यावर नव्हते.

हिंगोलीत काय लागेल?

वसमतच्या बाजाराकडे निघालेल्या हळदीच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर बसलेली जनावरे, पंढरीला जाणाऱ्या पायी दिंड्या : इथला रस्ता असा आहे. इथे मोटार केवळ थांबून भागणार नाही. ती थांबणार आहे, हे दिंडीतल्या आजीलाही कळले पाहिजे. तोवर तिला रस्त्यावर वाट देणे म्हणजे न पारखलेला नांगर शेतात घालण्यासारखे ठरेल.