अज्ञात हातांचा कैवारी : दिनकर केळकर

वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहिलं की आपल्याला एकच काळजी असते, माप बरोबर आलं की नाही! व्हर्नियर लावायचा, सरांची सही घ्यायची, की जॉब गेला स्क्रॅपच्या पेटीत. तो कोणी केला, कसा केला, हे पुन्हा कोणी विचारत नाही. पण दुसऱ्यांच्या हातचे असे जॉब जपण्यातच उभं आयुष्य घालवणारा एक माणूस आपल्या पुण्यात होऊन गेला. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर.

१० जानेवारी १८९६ हा त्यांचा जन्मदिवस. व्यवसाय चष्म्यांचा आणि ओढा कवितेचा. अज्ञातवासी या टोपणनावानं ते कविता लिहीत. साधारण १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. नाद म्हणजे कसला? राजेरजवाड्यांची रत्नं नव्हेत, तर अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पेट्या, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी. म्हणजे आजीच्या माळ्यावरची अडगळच म्हणा ना! तेव्हा जुने वाडे पडत होते. तांब्यापितळेची भांडी मोडीत जात होती आणि कोरीव लाकूड बंबात. केळकर गावोगाव हिंडत, घासाघीस करत, खिशाला चाट लावून वस्तू आणत राहिले. पत्नी कमलाबाईंची साथ होती म्हणूनच हा संसार चालला. घर वस्तूंनी भरून गेलं तर सांभाळायचं कोणी, सांगा बरं?

आता आपल्यातला कोणी म्हणेल, एका लाकडी भांड्यात एवढं काय जपायचं? तर इंजिनिअरच्या नजरेनं बघू या. शिसवीचा ओंडका घ्या. मधला गाभा गडद तपकिरी, जांभळट झाकेचा आणि सालीजवळचं लाकूड फिकट, पिवळसर. सुतार फिकट भाग काढून टाकतो, कारण त्याला कीड लवकर लागते. पण वाडगं कातणाऱ्याला दोन्ही रंग हवे असतात. तो ओंडका उभा चिरतो आणि मधोमधचा नाजूक भाग काढून टाकतो, कारण तडा तिथूनच जातो. वाडग्याचं तोंड सालीच्या बाजूला ठेवलं, की तळाशी गडद गाभा येतो आणि काठाशी फिकट कड. झाडाच्या वाढीची वर्तुळं तळाभोवती लंबगोल होऊन उमटतात. रंग लावलेला नाही, नक्षी कोरलेली नाही; झाडात होतं तेच फक्त उघडं केलं.

हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का! लोखंडाचा रॉड सगळीकडून सारखा असतो, लाकूड नसतं. एका फेऱ्यात हत्यारासमोर दोनदा आडवे तंतू येतात आणि दोनदा त्यांची कापलेली टोकं. म्हणून बाहेरून तळाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे कापत जायचं, नाहीतर तंतू उपटून येतात. शिवाय ओलं लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेनं आकसतं. गोल वाडगं अंडाकृती होतं ते त्यामुळे. मग उपाय काय? आधी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड भिंत ठेवून कातायचं, म्हणजे २० सेंटिमीटरला २ सेंटिमीटर. काही महिने वाळवायचं आणि मग पुन्हा लेथवर चढवायचं. आपले जुने कातारी तर मोटरशिवाय काम करत. साथीदार दोरी ओढायचा, लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरायचं आणि कापायचं ते एकाच दिशेच्या फेऱ्यात. ना ड्रॉइंग, ना टॉलरन्सचा तक्ता. आणि वस्तूवर नाव? तेही नाही.

केळकरांनी जपलं ते हेच बिननावाचं कसब. अडकित्ता किंवा दिवा घडवणारा कोण, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. त्याच्या हुशारीचा पुरावा म्हणजे ती वस्तू. ती वितळली किंवा जळली की पुरावाच संपला.

या सगळ्यात त्यांच्यावर मोठा घाव बसला. मुलगा राजा लहान वयातच गेला. जमवाजमव आधीपासून चालू होती, पण आता संग्रहाला त्याचं नाव मिळालं. माणूस अशा वेळी सगळं सोडून बसला असता तरी कोणी दोष दिला नसता. केळकर थांबले नाहीत. १९६० च्या सुमारास संग्रह पंधरा हजारांच्या घरात गेला होता. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. आणि १९७५ मध्ये हे सगळं त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवलं. ज्याच्या एकेका वस्तूसाठी पायपीट केली, ते असं देऊन टाकायचं, विचार करा! १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी ते गेले.

आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. पुण्यात चार वर्षं काढून सिंहगड दहादा चढणारे पुष्कळ भेटतात, बाजीराव रस्त्यावरचं हे संग्रहालय पाहिलेले थोडेच. तेव्हा एखाद्या मोकळ्या दिवशी जरूर जा. लाकडी वस्तूंपुढे जरा जास्त वेळ थांबा. रेषा कुठून कुठे जातात ते बघा, करणाऱ्यानं लाकूड कोणत्या बाजूनं धरलं असेल याचा अंदाज बांधा. आणि पुढच्या वेळी वर्कशॉपमधला आपला जॉब स्क्रॅपमध्ये टाकण्याआधी एकदा हातात फिरवून बघा.