नाण्यांना गाव मिळवून देणारा अभ्यासक

एका बाजूला रोमन सम्राटाचा चेहरा, कडेने ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. नाणे चांदीचे, वजनदार आणि देखणे. पण ते कोणत्या नगरात पाडले, याचा उल्लेख कुठेही नाही. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांतील अशा नाण्यांनी युरोपातील संग्राहकांना दीर्घकाळ बुचकळ्यात टाकले होते. अशी कोडी सोडविण्याची शास्त्रशुद्ध चौकट ज्याने घालून दिली, तो व्हिएन्नाचा योझेफ हिलारियस एकेल आधुनिक नाणकशास्त्राचा जनक मानला जातो.

एकेलचा जन्म १३ जानेवारी १७३७ रोजी व्हिएन्नाजवळील एन्झेसफेल्ड या गावी झाला. वडील एका सरदाराच्या जहागिरीचे कारभारी होते. वयाच्या चौदाव्या वर्षी तो जेझुइट संघात दाखल झाला. लिओबेन, स्टायर आणि व्हिएन्ना येथील संघाच्या विद्यालयांत त्याने अध्यापन केले. योझेफ खेल या जेझुइट विद्वानाच्या सहवासात त्याला जुन्या नाण्यांची गोडी लागली. १७७२ मध्ये संघाचा नाणेसंग्रह त्याच्याकडे सोपविण्यात आला आणि त्याच वर्षी तो अभ्यासासाठी इटलीला गेला. फ्लॉरेन्समध्ये तस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा संग्रह लावण्याचे काम त्याला मिळाले.

मात्र १७७३ मध्ये पोपच्या आदेशाने जेझुइट संघच विसर्जित झाला. ज्या संस्थेत बालपणापासूनचे आयुष्य गेले, ती संस्थाच नाहीशी झाली. अशा वेळी महाराणी मारिया तेरेझाने त्याला व्हिएन्ना विद्यापीठात पुरातत्त्व व नाणकशास्त्राचे प्राध्यापकपद दिले आणि शाही संग्रहातील प्राचीन नाणी त्याच्या हवाली केली. पुढची सुमारे चोवीस वर्षे या नाण्यांच्या कपाटांसमोरच गेली.

त्या काळी नाणी गोळा करणे हा राजेरजवाड्यांचा आणि श्रीमंतांचा छंद होता. संग्रह लावले जात ते धातूनुसार, आकारानुसार किंवा नगरांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने. त्यामुळे शेजारच्या दोन नगरांची नाणी दोन टोकांच्या कप्प्यांत जात. फ्रान्सच्या जोसेफ पेलरँ याने नगरे व लोकसमूह यांनुसार मांडणी करून वाट दाखविली होती. एकेलने ती राजमार्गाएवढी रुंद केली. त्याने भूमध्य समुद्राभोवती जणू प्रदक्षिणाच घातली. आजच्या स्पेन-पोर्तुगालपासून निघून इटली, ग्रीस, आशिया मायनर, सीरिया, इजिप्त आणि तेथून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने परत पश्चिमेकडे. प्रत्येक नाणे त्याच्या नगरात आणि प्रत्येक नगरात कालानुक्रमाने, हा त्याचा नियम होता.

या मांडणीचा मोठा लाभ प्रांतिक चांदीला झाला. सम्राटाचा चेहरा आहे म्हणून नाणे रोमचे, असे समजून चालत नाही, हे तिने ठसविले. कॅपाडोशियातील कैसरियाच्या चांदीवर नगराचे नाव सहसा नसते. पण तेथील आर्गियस पर्वत कोरलेला आढळला की गाव ओळखता येते. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांत चांदी कमी आणि तांबे अधिक असते. त्यांवर रोमन ‘एल’सारखी दिसणारी खूण म्हणजे ‘वर्ष’ आणि पुढचे ग्रीक अक्षर म्हणजे आकडा. अल्फा म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीचे पहिले वर्ष, बीटा म्हणजे दुसरे. हे एकदा कळले की नाणे स्वतःची जन्मतारीखच सांगू लागते.

बनावट नाण्यांच्या बाबतीतही तो कठोर होता. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हानी काव्हिनो याने रोमन नाण्यांच्या इतक्या सुबक प्रतिकृती केल्या होत्या, की जाणकारही फसत. ह्युबर्ट गोल्ट्झियसच्या जुन्या ग्रंथांत तर इतर कोणाच्याही पाहण्यात न आलेली नाणी होती. प्रत्यक्ष नाण्याचा आधार नसेल तर अशा नोंदींवर विसंबू नये, ही एकेलची भूमिका होती.

१७७९ मध्ये शाही संग्रहाची सूची, १७८७ मध्ये नवशिक्यांसाठी जर्मन भाषेतील छोटे पाठ्यपुस्तक आणि १७९२ पासून ‘डॉक्ट्रिना नूमोरुम वेतेरुम’, म्हणजे प्राचीन नाण्यांचे शास्त्र, हा लॅटिन महाग्रंथ असा त्याचा लेखनप्रवास झाला. महाग्रंथाचा आठवा आणि शेवटचा खंड १७९८ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी १६ मे रोजी एकेलचे व्हिएन्नात निधन झाले. त्याच्या कागदपत्रांतून तयार केलेली पुरवणी १८२६ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढील संशोधनाने तपशिलांत भर पडली. गरुडाची सीरियन नाणी केवळ अँटिओकची नव्हेत. कॅराकॅलाच्या काळात ती अनेक नगरांत पाडली गेली आणि गरुडाच्या पायांजवळील लहानशी खूण टाकसाळ सांगते, हे आल्फ्रेड बेलिंजरने १९४० मध्ये तपशीलवार मांडले. चौकट मात्र टिकली. ब्रिटिश म्युझियम आणि फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय यांनी रोमन प्रांतिक नाण्यांच्या बृहद्सूचीचा पहिला खंड १९९२ मध्ये, एकेलच्या पहिल्या खंडानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, प्रसिद्ध केला. तिचीही सुरुवात इबेरियन द्वीपकल्पापासूनच होते. गाव हरवलेले नाणे म्हणजे नुसता चांदीचा तुकडा. त्याला गाव मिळाले की ते इतिहासाचा साक्षीदार होते. स्वतःची संस्था गमावलेल्या एकेलने हजारो नाण्यांना त्यांचे गाव मिळवून दिले.