चावी फिरवताच इंजिन जागविणारा अभियंता

मोटारीचे इंजिन सुरू करणे हे एकेकाळी जोखमीचे काम होते. गाडीसमोर उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे उसळे आणि मनगट मोडे. या जाचातून चालकांची सुटका करणारे अमेरिकी अभियंते म्हणजे चार्ल्स केटरिंग.

ओहायो राज्यातील लाउडनव्हिलजवळ एका शेतकरी कुटुंबात २९ ऑगस्ट १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. अधू दृष्टीमुळे शिक्षण मध्येच थांबले, तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या पथकात काम केले. १९०४ मध्ये ते अभियंता झाले. डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली. काम क्षणाचे असेल, तर लहान मोटरही मोठा जोर लावू शकते, हे त्यांना तेथे उमगले.

१९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी 'डेल्को' कंपनी स्थापन केली. सुरुवातीचे प्रयोग डीड्स यांच्या कोठारात चालत. त्यांच्या ज्वलन यंत्रणेत बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून पॉइंटपर्यंत येतो. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि स्पार्क प्लगवर ठिणगी पडते. कंडेन्सर पॉइंटना जळण्यापासून वाचवितो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा विजेचा स्टार्टर आला. इंजिन सुरू करणारे यंत्रच पुढे जनित्र होऊन बॅटरी भारित करू लागले.

१९६० च्या दशकातील अनेक अमेरिकी गार्डन ट्रॅक्टरांमध्ये हीच मांडणी आढळते. बॉनेटखालचे तारांचे जंजाळ पाहून नवखा गोंधळतो. पण ठिणगीचे सर्किट वेगळे आणि बॅटरी भारित करणारे वेगळे, हे ध्यानात घेतले की दोष सापडू लागतो. जनित्राचा दाब बॅटरीपेक्षा कमी झाला, की रेग्युलेटरमधील कटआउट दोघांचा संबंध तोडतो. तो अडकला, तर ट्रॅक्टर उभ्या उभ्या बॅटरी उतरते.

केटरिंग यांनी पुढे १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाची धुरा वाहिली. त्यांच्याच हाताखाली १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा मार्ग शोधला. कारखान्यांत कामगार दगावले, तरी केटरिंग त्याच्या बाजूने उभे राहिले. भारतातून हे पेट्रोल २००० मध्ये, तर जगभरातील वाहनांतून २०२१ मध्ये हद्दपार झाले.

१९४५ मध्ये न्यूयॉर्क येथे उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन संस्थेला आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांचेही नाव देण्यात आले. नोव्हेंबर १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. मनगटे वाचविणारा स्टार्टर आणि हवेत विष मिसळणारे इंधन, असा दुहेरी वारसा या अभियंत्याने मागे ठेवला.