विश्लेषण : स्कॉटलंडच्या डोंगरांना ‘मन्रो’ का म्हणतात? कोण होते सर ह्यू मन्रो?

स्कॉटलंडच्या हायलँड्स या दुर्गम डोंगराळ भागात पाठीवर सॅक आणि तंबू घेऊन अनेक दिवस भटकणारे ट्रेकर एकमेकांना हमखास विचारतात, किती ‘मन्रो’ झाले? ३ हजार फुटांहून (९१४.४ मीटर) उंच असलेल्या तिथल्या मुख्य शिखरांना हे नाव आहे. ते मिळाले सर ह्यू मन्रो यांच्यावरून. त्यांना मात्र स्वतःची यादी कधीच पूर्ण करता आली नाही.

मन्रो घराण्याचा भारताशी संबंध काय?

ह्यू यांचा जन्म १८५६ मध्ये लंडनमध्ये झाला. मद्रासचे गव्हर्नर आणि रयतवारी पद्धतीचे पुरस्कर्ते सर थॉमस मन्रो हे त्यांचे आजोबा. १८१८ मध्ये बेळगाव आणि सोलापूरचे किल्ले पेशव्यांच्या फौजांकडून जिंकून घेणारे इंग्रज सेनानी ते हेच. स्कॉटलंडमधील लिंडर्टिस ही घराण्याची जहागीर. शिक्षणासाठी जर्मनीत गेलेल्या तरुण ह्यू यांना आल्प्समध्ये डोंगरांचे वेड लागले. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या गव्हर्नरांचे खासगी सचिव म्हणून काम केले. परतल्यावर त्यांनी जहागिरीचा कारभार पाहिला. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लब’चे ते संस्थापक सदस्य होते.

यादीची गरज का पडली?

स्कॉटलंडमध्ये ३ हजार फुटांवरची शिखरे जेमतेम ३० असावीत, असा तेव्हा समज होता. सरकारी नकाशांत अनेक शिखरांची उंचीच दिलेली नव्हती. मन्रो यांनी नकाशे बारकाईने तपासले आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारे अॅनेरॉइड उपकरण घेऊन डोंगर पालथे घातले. १८९१ मध्ये क्लबच्या नियतकालिकात त्यांची यादी प्रसिद्ध झाली. त्यात २८३ स्वतंत्र डोंगर होते. उपशिखरे धरून हा आकडा ५३८ वर गेला.

चढाई कठीण का होती?

या भागातले सर्वात उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) सुमारे ३०० मीटरने कमी. पण उत्तरेकडचा हिवाळा, वादळी वारे, धुके आणि वस्तीपासूनचे अंतर यामुळे तिथे साधी चूकही जिवावर बेतते. त्यात बहुतेक डोंगर हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या खासगी जहागिरींत होते. स्वतः जमीनदार असलेले मन्रो दुसऱ्या जमीनदारांच्या रखवालदारांना टाळण्यासाठी कधी कधी रात्री चढाई करत. स्कॉटलंडमध्ये अशा जमिनींवर जबाबदारीने फिरण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क २००३च्या कायद्याने स्पष्टपणे मान्य झाला.

यादी अपूर्ण का राहिली?

रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी १९०१ मध्ये यादी पूर्ण केली. ती पूर्ण करणारे पहिले म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. मात्र एका शिखराबाबत पुढे शंका घेतली गेली. मन्रो यांना स्काय बेटावरील ‘इनअॅक्सेसिबल पिनॅकल’ या सुळक्यावर अखेरपर्यंत जाता आले नाही. मन्रोंपैकी दोराच्या साह्याने प्रस्तरारोहण करावे लागणारा हा एकमेव. मूळ यादीत तो उपशिखर होता. १९२१च्या सुधारित आवृत्तीत त्याला मुख्य शिखराचा मान मिळाला. याशिवाय केर्नगॉर्म भागातील एक शिखर मन्रो यांनी अखेरच्या चढाईसाठी मुद्दाम राखून ठेवले होते. ती चढाई झालीच नाही.

पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीचे वय उलटून गेल्यामुळे मन्रो यांनी माल्टात रेड क्रॉससाठी बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम स्वेच्छेने केले. नंतर फ्रान्समधील तारास्कों येथे त्यांनी सैनिकांसाठी कँटीन उभारले. तिथेच मार्च १९१९ मध्ये, वयाच्या ६२व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. सुधारित यादी त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली.

आजही वाद का?

स्वतंत्र डोंगर कोणता आणि उपशिखर कोणते, याचा काटेकोर निकष मन्रो यांनी लिहून ठेवला नाही. त्यामुळे प्रत्येक फेरआढाव्यात चर्चा रंगते. २०१२ मध्ये नव्या मोजणीत एक डोंगर ३ हजार फुटांपेक्षा कमी भरला आणि मन्रोंची संख्या २८२ झाली. मन्रो यांनी मुद्दाम राखून ठेवलेले ते शिखरही आता मुख्य यादीत नाही. नंतरच्या फेरआढाव्यात ते उपशिखर ठरले.