मळा हीच पंढरी : संत सावता महाराज



आम्ही शेतकरी माणसं. कीर्तनाला उभं राहिलो की सावता महाराजांचं चरित्र आपसूक तोंडात येतं.

महाराजांचा जन्म इ. स. १२५० चा. गाव अरण, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. वडील परसोबा, आई नांगिताबाई. आजोबा दैवू माळी पंढरीची वारी करायचे, म्हणजे भक्ती घरातलीच. पत्नी जनाबाई, मुलगा विठ्ठल, मुलगी नागाताई असा त्यांचा संसार. महाराजांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. आज त्यातले ३७ मिळतात.

अरणहून पंढरपूर काही फार लांब नाही. तरी महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. कारण आपल्याला कळण्यासारखं आहे. वाफ्याला आज पाणी पाहिजे, तर ते आजच द्यावं लागतं. देवानं नेमून दिलेलं काम टाकायचं नाही, अन् काम करताना त्याचं नाव सोडायचं नाही, हाच त्यांचा नेम. मोट धरली तरी नाम, खुरपायला बसले तरी नाम.

कथा अशी सांगतात. एकदा पांडुरंग, ज्ञानोबाराय अन् नामदेवराय लऊळला कूर्मदासांच्या भेटीला निघाले. वाटेत देव अरणच्या मळ्यात शिरले आणि लपायला जागा मागू लागले. महाराजांनी खुरप्यानं छाती उघडून देवाला आत ठेवलं. जो पंढरीला गेला नाही, त्याच्या काळजात पंढरीनाथ येऊन बसले!

शके १२१७ म्हणजे इ. स. १२९५, आषाढ वद्य चतुर्दशीला महाराजांनी देह ठेवला. वय उणंपुरं ४५. समाधी अरणलाच. बाकी संतांच्या पालख्या आषाढीला पंढरीला जातात. महाराजांची जात नाही. उलट पुण्यतिथीच्या सोहळ्याला पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.

आज आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. चाललेल्यांची नावं सगळे घेतात. पण आपण वाटंला लागलो तेव्हा मागं जनावरांची वैरण कुणी केली? म्हाताऱ्या आईला भाकरी कुणी दिली? पेरणी कुणी उरकली? कुणी सून, कुणी धाकटा भाऊ मागं राहिला, म्हणून आपले पाय पंढरीला लागले. त्यांची वारी घरीच झाली, असं आम्ही मानतो.

मात्र याचा कुणी आडोसा करू नये. नुसतं घरी बसणं ही सावता महाराजांची वाट नव्हं. हातात काम अन् मुखात नाम, दोन्ही रोज पाहिजे. वारी वर्षातनं एकदा येते, मळ्यातलं काम रोजचं असतं. तिथंच देवाला सांभाळावं.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!