विश्लेषण : मेंदूतील जनुकांच्या नकाशामागे पुण्यातील गणित? दामोदर कोसंबींचे विसरलेले काम काय होते?

इतिहासकार म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. जुन्नरची लेणी, नाणेघाट आणि गावोगावच्या देवींवर त्यांनी केलेले लेखन आजही वाचले जाते. मात्र, मेंदूच्या कोणत्या भागात कोणते जनुक काम करते याचा नकाशा तयार करणाऱ्या आजच्या संशोधनाशीही त्यांच्या गणिताचे नाते आहे, हे फारसे माहीत नसते. हे नाते नेमके काय आणि कोसंबींचे श्रेय मागे का पडले, याविषयी…

मेंदूतील जनुकांचा नकाशा म्हणजे काय?

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. पण सगळी जनुके सगळीकडे काम करत नाहीत. स्मृतीशी संबंधित भागातील पेशीत जी जनुके चालू असतात, त्यातील काही तोल सांभाळणाऱ्या भागात बंद असतात. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे २००३ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅलन संस्थेने उंदराच्या मेंदूचे अतिशय पातळ छेद घेऊन सुमारे २० हजार जनुके कुठे कुठे सक्रिय आहेत, हे तपासले. त्याचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

खरी अडचण त्यापुढची होती. संगणकात या मेंदूचे एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे सुमारे ५० हजार ठोकळे पाडले, तर प्रत्येक ठोकळ्यासमोर हजारो जनुकांचे आकडे उभे राहतात. एवढ्या मोठ्या तक्त्यात नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नाही. त्यातून मोजकेच मूळ नमुने वेगळे काढावे लागतात. संशोधकांनी तसे केले, तेव्हा केवळ आकडेमोडीतून पडलेले मेंदूचे विभाग शरीररचना शास्त्रज्ञांनी पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आखलेल्या विभागांशी बऱ्याच अंशी जुळले.

कोसंबी यात कुठे येतात?

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्याबरोबर दामोदर १९१८ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस आणि अलिगड येथे काही वर्षे शिकवल्यानंतर १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढची सुमारे १२ वर्षे ते तिथे होते. संगणक नसलेल्या त्या काळात कागद-पेन्सिलीने केलेली त्यांची दोन कामे इथे महत्त्वाची आहेत.

१९४३ च्या शोधनिबंधात काय होते?

नारायणगावच्या बाजारातील टोमॅटोच्या भावाचे उदाहरण घेता येईल. प्रत्येक वर्षाच्या भावाचा आलेख काढला, तर एकही आलेख दुसऱ्यासारखा दिसणार नाही. पण बारकाईने पाहिले तर बहुतेक चढउतार दोन-तीन मूळ आलेखांच्या मिश्रणातून उभे करता येतात. एखादा हंगामाचा, एखादा पावसाचा. कोणत्या वर्षी कोणता मूळ आलेख किती प्रमाणात मिसळला, एवढे आकडे कळले की शेकडो दिवसांच्या भावांचे सार हाती येते.

आकड्यांच्या तक्त्यातून असे मूळ नमुने काढण्याची रीत कार्ल पिअरसन आणि हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी आधीच घालून दिली होती. कोसंबींनी १९४३ मध्ये तीच कल्पना सलग वक्रांपर्यंत, म्हणजे ज्यात बिंदूंची संख्या अनंत असते अशा राशींपर्यंत नेली. मेंदूतील जनुकांचा तक्ता उलगडणारे गणित याच घराण्यातील आहे.

आणि १९४४ चे सूत्र?

हे काम थेट जनुकांविषयी होते. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. जवळची दोन जनुके बहुधा एकत्र राहतात, लांबची अधिक वेळा वेगळी होतात. त्यामुळे किती टक्के संततीत ती वेगळी झाली, यावरून त्यांच्यातील अंतर काढता येते. मात्र, दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि झालेला बदल मोजणीतून निसटतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये ही चूक दुरुस्त करणारे सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या आसपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी हा अडथळा सूत्रात आणला. २० टक्के संततीत जनुके वेगळी झाली असतील, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. मेंदूच्या एखाद्या भागातील जनुकाची सक्रियता गुणसूत्रावरील कोणत्या जागेमुळे बदलते, हे शोधायलाही आधी असा अंतरांचा नकाशा लागतो.

मग श्रेय का मिळाले नाही?

१९४३ चा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला, तोही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समधील मिशेल लोएव्ह स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचले आणि जगाने त्यांची नावे स्वीकारली.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांनी कोसंबींना बोलावले. पुण्याचे घर न सोडता ते डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. पुढे मतभेद वाढले. भारताने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे लक्ष द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५९ मध्ये त्यांनी गणितातील प्रसिद्ध रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. तो टिकला नाही आणि गणितज्ञ म्हणून त्यांच्या प्रतिमेला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. एका फसलेल्या दाव्याची सावली आधीच्या भक्कम कामावरही पडली.

जुन्नर परिसराशी संबंध काय?

नारायणगाव-वारूळवाडीहून जुन्नरकडे जाणारा रस्ता पुढे नाणेघाटाकडे जातो. कोकणातील बंदरांतून माल घेऊन घाट चढणारे सातवाहनकालीन व्यापारी याच घाटाने जुन्नरला येत. कोसंबींनी हा भाग पायी हिंडून पाहिला. लेणी, दगडी सूक्ष्महत्यारे आणि गावदेवींची ठाणी कुठे कुठे आहेत, याची त्यांनी सांगड घातली. ही ठिकाणे जुन्या वाटांच्या आणि त्यांच्या तिठ्यांच्या आसपास सापडतात, असे त्यांनी १९६२ च्या पुस्तकात मांडले.

प्राचीन नाण्यांबाबतही त्यांची रीत तीच होती. वापरात नाणे झिजते, म्हणून त्यांनी हजारो नाणी तोलली आणि वजनातील घटीवरून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधला. विखुरलेल्या असंख्य नोंदींमागचा मोजका क्रम शोधायचा, हेच सूत्र त्यांच्या गणितात आणि इतिहासात दिसते.

आज काय उरले आहे?

२९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८ व्या वर्षी कोसंबींचे निधन झाले. उंदराच्या मेंदूचा तो नकाशा त्यानंतर चार दशकांनी आला. आता काही अभ्यासक १९४३ च्या सिद्धांताला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे म्हणतात, पण पाठ्यपुस्तकांत अजूनही बहुतेक ठिकाणी दोनच नावे असतात. १९४४ च्या सूत्राला मात्र त्यांचेच नाव आहे. जनुकांचे अंतर काढणाऱ्या संगणक प्रणालींत हाल्डेन आणि कोसंबी असे दोन पर्याय समोर येतात. टोमॅटोच्या जनुकीय नकाशांतही अनेकदा दुसराच पर्याय निवडला जातो.